मधल्या बोटीतला कॅप्टन

अमेरिकेत जिथे तळी आणि मराठी माणसं एकत्र सापडतात, तिथे एखादा कॅप्टन सापडतोच. ही पदवी त्याला गणेशोत्सवातल्या जेवणाच्या रांगेत मिळते, बोट त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळाला तो ‘स्टडी’ म्हणतो. बायको म्हणते, “ह्यांचं ते चाललंय.”

मिनेसोटातला नमुना सगळ्यांत अस्सल. दहा एकरांहून मोठी 11,842 तळी या राज्यात आहेत आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र नुसतं ‘दहा हजार तळी’ लिहितात. कॅप्टनला ही ढिलाई इथे आल्यापासून खुपते. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीत नाहीतर एखाद्या बँकेच्या आयटीत. जलप्रवासाचा पूर्वानुभव म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, तीही बरीचशी डोळे मिटून. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ बोटीच्या तळाच्या कोनावर अर्धा तास बोलू शकतो. समोरच्याच्या ताटातली बासुंदी संपली, तरी तो कोन संपत नाही.

जानेवारीत मिनिआपोलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये बोट शो भरतो. बाहेर तळ्यांवर इतका बर्फ असतो की लोक त्यावर पिकअप उभे करून मासे धरतात. आत कॅप्टन बूट काढून, मोज्यांवर, एकेका बोटीत चढत असतो. सीट दाबून बघतो, तळातली झाकणं उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. विक्रेते त्याला ओळखतात. नवा पोरगा उत्साहानं पुढे झाला तर जुना त्याला मागे ओढतो.

बाजारात दोन टोकं आहेत. एका टोकाला पाँटून: अ‍ॅल्युमिनिअमच्या दोन नळकांड्यांवर ठेवलेला दिवाणखाना. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अँब्रोज वीर्स नावाच्या मिनेसोटातल्याच एका शेतकऱ्यानं लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्या टाकून तिची सुरुवात केली. दुसऱ्या टोकाला इनबोर्ड टो-बोट: पोटात पाणी भरून मुद्दाम जड होणारी, मागे सर्फिंग करण्याजोगी लाट उठवणारी आणि किमतीनं सहज लाख डॉलरच्या पुढे जाणारी. या दोन्हींच्या मध्ये डेकबोट. खालून ‘व्ही’ आकाराचा तळ, वरून जवळजवळ नाकापर्यंत रुंदच रुंद राहिलेलं डेक. नाकातही सीट असणाऱ्या साध्या बोटीचं, म्हणजे बोरायडरचं, नाक निमुळतं असतं आणि पुढे बसलेल्या चौघांचे गुडघे एकमेकांना भेटतात. इथे सहा जण मांडी घालून पत्ते खेळू शकतात.

डेकबोट दिसली आणि कॅप्टनला आयुष्याचा सूर सापडला. या माणसानं सायन्स घेतलं पण मेडिकल नको म्हणून इंजिनिअरिंग केलं, घर घेतलं ते शहरातही नाही आणि गावातही नाही, गाडी घेतली ती स्पोर्ट्स कार आणि बस यांच्या बरोबर मधली मिनीव्हॅन. पाँटूनवाले म्हणतात, डेकबोट पाँटूनइतकी ऐसपैस नसते. स्कीवाले म्हणतात, तिची लाट सुबक नसते. दोघांचंही खरं आहे. दोन्ही बाजूंनी थोडी थोडी नावं ठेवली जाणारी वस्तू हीच आपली, हे त्याला तत्काळ कळलं. एक्सेल शीट मात्र त्यानं नंतर भरली.

त्या शीटमधला सर्वांत रुंद रकाना तळाच्या कोनाचा. बोटीच्या मागच्या टोकाशी तळ आडव्या रेषेपासून किती अंश वर उचलला आहे, त्याला डेडराइज म्हणतात. 20 अंशांच्या वर गेलं की डीप-व्ही: लाट कापत जाते, पाठीला त्रास देत नाही, पण थांबली की डुलते आणि पळायला जास्त ताकद मागते. कोन कमी असला तर बोट उभी असताना स्थिर राहते, पण लाटांवरून पळताना आदळते. हे सांगताना कॅप्टन 1960 सालात जातोच. रे हंट यांनी आखलेल्या तळाची ‘मॉपी’ नावाची बोट घेऊन डिक बर्ट्रम मायामीहून नासाऊला जायच्या शर्यतीत उतरले, खवळलेल्या समुद्रात 8 तासांत पोचले आणि पहिले आले. त्या बोटीचा कोन 24 अंश होता. इथे ऐकणारा म्हणतो, मग 24चीच घे. कॅप्टन कनवाळूपणे हसतो. आपल्याला अटलांटिक ओलांडायचा नाही, मिनेटोंका तळ्यावर आईला फिरवायचं आहे. म्हणून अठराच्या आसपास.

रुंदीचा रकाना त्यानं एका मिनिटात भरला, कारण तो रस्त्यानंच ठरवलेला असतो. साडेआठ फुटांहून रुंद बोट ट्रेलरवरून न्यायची तर बहुतेक राज्यांत वेगळी परवानगी लागते. वजनाच्या रकान्याशी मात्र शीट अडली. इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर धरून 22 फुटी डेकबोट साडेचार हजार पौंडांच्या घरात जाते, आणि दारातली सिएना मिनीव्हॅन ओढू शकते 3,500. त्या वर्षी फोर्डचा एफ-150 पिकअप बाळगणाऱ्या एका दूरच्या मित्राच्या घरी दिवाळीचा फराळ दोनदा पोचला.

माणसं किती बसतील याचं अमेरिकन कोस्ट गार्डचं एक ढोबळ सूत्र आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. 19 फूट लांब आणि 8 फूट रुंद बोट म्हणजे दहा माणसं. सूत्र लिहिणाऱ्याला मराठी निमंत्रण ठाऊक नव्हतं. “तुम्ही दोघं या” म्हटलं की दोघं, दोन मुलं, भारतातून आलेले सासू-सासरे आणि “ह्यांना एकटं कुठे ठेवणार” म्हणून आणलेली एक मावशी येते. 20 फुटांखालच्या बोटींवर माणसांचा आणि वजनाचा आकडा लिहिलेली पाटी कायद्यानं लावावी लागते. त्यातला वजनाचा आकडा कॅप्टन जेवणाआधी वाचून दाखवतो, नंतर वाचणं शिष्टाचाराला धरून होत नाही.

खरी परीक्षा मेमध्ये झाली, विक्रेत्यानं सहकुटुंब चक्कर मारायला बोलावलं तेव्हा. आजी, बायको, कॉलेजातली मुलगी, शाळेतला मुलगा आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. आजींना कोणीतरी पुढे बसवलं, कारण तिथून तळं छान दिसतं. दुसऱ्या बोटीची लाट आडवी आली आणि आजी म्हणाल्या, “धुणं आपटल्यासारखं आपटतेय रे ही.” डेडराइजवरचा अर्ध्या तासाचा मजकूर त्यांनी एका वाक्यात उरकला. विक्रेत्यानं त्यांना मागच्या सीटवर नेलं. वेगात असताना बोटीचं नाक सर्वांत जास्त उडतं, मागचा भाग सर्वांत कमी. त्याच लाटा, तीच बोट. पण आजी पुन्हा बोलल्या त्या थेट पुऱ्यांबद्दल.

मग फोटोसाठी सगळे नाकाशी गोळा झाले आणि कॅप्टननं हौसेनं वेग एकदम उतरवला. पुढे वजन असताना असं केलं की नाक खाली जातं, आणि बोटीचीच मागची लाट तिला गाठून पुढे जाते. डेकवर पाणी आलं. पुऱ्या वाचल्या, फोटो वाचला नाही. शीटमध्ये एका रकान्याची भर पडली.

मुलाला वेकसर्फिंग हवं होतं. कॅप्टननं समजावलं, की सर्फिंग करणारा बोटीच्या अगदी पाठीशी असतो आणि आउटबोर्ड इंजिनाचा पंखा तिथेच मागे फिरत असतो. म्हणून ते नाही म्हणजे नाही. त्यासाठी इनबोर्ड लागतं, किंवा 2015 साली व्हॉल्वो पेंटानं आणलेलं, पंखे पुढच्या बाजूला तळाखाली असणारं फॉरवर्ड ड्राइव्ह. मुलगा म्हणाला, मग ते घे. कॅप्टननं थंडी पुढे केली. आउटबोर्ड उभं करून ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं; आत बसवलेल्या इंजिनात पाणी राहिलं तर मिनेसोटाचा हिवाळा त्याचं लोखंड तडकवतो. हे कारण अगदी खरं होतं. किमतीतल्या फरकाचं कारण त्याहून खरं होतं.

म्हणून ट्यूब आणि स्की. चौघांची ट्यूब ओढायला किमान 4,100 पौंड ताण सोसणारा दोर लागतो, आणि तो उंच कमानीला न बांधता खाली मागच्या कडीला बांधायचा असतो. ट्यूबचा ओढा कमानीला झेपत नाही. दोराची लांबी 50-60 फूट. “एवढ्या लांब पोर सोडायचं आणि आपण पुढे पळायचं?” आजींनी विचारलं. उत्तरादाखल कॅप्टननं राल्फ सॅम्युअलसनची गोष्ट सांगितली: याच राज्यातल्या लेक पेपिनवर, 2 जुलै 1922 रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यानं जगात प्रथम वॉटर स्कीइंग केलं. आधी पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या, शेवटी पाइनच्या फळ्यांची टोकं आईच्या भांड्यात उकळून वाकवली. आजींना एवढंच कळेना, की त्या भांड्याचं पुढे त्या बाईनं काय केलं.

मागे कोणी ओढलं जात असेल तर चालकाखेरीज लक्ष ठेवायला आणखी एक माणूस हवा, नाहीतर रुंद आरसा, असा मिनेसोटाचा नियम आहे. या पदावर आजींची एकमतानं नेमणूक झाली. घरात ते काम त्या तशाही करतच होत्या. खुणांचा मात्र घोळ झाला. नातवानं अंगठा वर केला, म्हणजे वेग वाढवा. “मजेत आहे हो तो,” आजी म्हणाल्या. त्यानं डोक्यावर थोपटलं, म्हणजे परत जाऊ या. “डोकं चढलं वाटतं त्याचं. मी सांगितलं होतं, टोपी घाल.”

बायकोनं या साऱ्यात एकच प्रश्न विचारला. विक्रेत्यानं कन्सोलच्या बाजूचं दार उघडून आतली छोटी खोली दाखवली: कपडे बदलायला जागा आणि कोपऱ्यात सुटं टॉयलेट. बऱ्याच डेकबोटींत ही सोय असते. त्या दोन फुटी दारानं शीटमधल्या अनेक रकान्यांचा निकाल लावला. माझ्या मते डेकबोटीचा खरा शोध हाच, आणि जाहिरातीत तो नेहमी शेवटी का छापतात हे कोडं आहे.

शेवटची शंका कॅप्टनची होती: पांढऱ्या व्हिनिलच्या सीटवरून हळद निघते का? विक्रेता म्हणाला, हळदीचं माहीत नाही, पण मस्टर्ड निघते. कॅप्टनचा चेहरा उजळला. अमेरिकन पिवळ्या मस्टर्डचा रंगही हळदीचाच असतो, हे त्यानं डब्यामागचं लेबल वाचून कधीच टिपून ठेवलं होतं. सही तिथेच झाली.

पूजा नारळी पौर्णिमेला करायचं ठरलं. कोकणात त्या दिवसानंतर होड्या समुद्रात जातात. मिनेसोटात ऑगस्ट आला की मोसमाचे थोडेच आठवडे उरतात, पण मुहूर्त तो मुहूर्त. नारळ बोटीवर फोडला तर जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, टवका जाईल म्हणून तो ट्रेलरच्या चाकापाशी फुटला. परवान्याचा प्रश्नही त्याच सुमाराला निघाला. 2025च्या जुलैपासून इथे मोटरबोट चालवायला तरुणांना परवाना लागू लागला. ही अट टप्प्याटप्प्यानं वाढत 2028 मध्ये 1987च्या जुलैपासून पुढे जन्मलेल्या सर्वांपर्यंत पोचते. म्हणजे मुलांना परीक्षा, बापाला जन्मतारखेची माफी. तरीही कॅप्टननं परीक्षा दिली. एक उत्तर चुकलं. तो प्रश्नच संदिग्ध आहे असं त्यानं खात्याला ईमेलनं कळवलं.

तळ्यातून बोट बाहेर काढली की तळाचं बूच काढूनच ती रस्त्यावर न्यायची, असा इथला कायदा आहे. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. साहजिकच पुढच्या खेपेला बूच परत लावायचं लक्षात ठेवावं लागतं. कॅप्टनच्या किल्ल्यांच्या जुडग्याला पिवळी चिठ्ठी आहे: ‘बूच’. खाली बायकोच्या अक्षरात: ‘आणि आई’.

आता संक्रांतीच्या संध्याकाळी, बाहेर उणे वीस असताना, बोट मागच्या अंगणात प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेली आहे आणि कॅप्टन पूर्ण बहरात आहे. नुकताच पुण्याहून आलेला एक तरुण बशी हातात धरून सहज विचारतो, “काका, जुलैत आई-बाबा यायचेत. एक दिवस बोट भाड्यानं घ्यावी म्हणतो. पाँटून बरी की तुमच्यासारखी?”

“बस,” कॅप्टन लॅपटॉप उघडत म्हणतो. “1960 साली मायामीत एक शर्यत झाली.”

बायको येऊन तरुणाच्या हातावर तिळगूळ ठेवते आणि हळूच सांगते, “पाँटून घे. आणि कोट तो दाराजवळचा निळा ना? मी आणून देते.”