टाकीवाले

घरात फिश टँक असलेले सगळेच काही टाकीवाले नव्हेत. दिवाणखान्यात काचेची पेटी, आत चार गोल्डफिश आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, ही नुसती शोभा. अस्सल टाकीवाले पाहुण्यांना मासे दाखवतच नाहीत. टाकीखालचं कपाट उघडतात, स्वतः जमिनीवर बसतात, तुम्हालाही बसवतात आणि आतल्या काळ्या डब्याकडे बोट दाखवून हळूच विचारतात, “आवाज येतोय? नाही ना?” तो येत नाही हे ऐकण्यासाठीच तुम्हाला चहाला बोलावलेलं असतं.

हा डबा म्हणजे कॅनिस्टर फिल्टर. टाकीतलं पाणी एका नळीतून आपल्या वजनानेच खाली डब्यात उतरतं, आतल्या टोपल्यांमधून गाळत गाळत वर चढतं आणि झाकणातली मोटर ते दुसऱ्या नळीने परत टाकीत पाठवते. सगळ्यात खाली जाडाभरडा स्पंज, त्यावर सिरॅमिकच्या कड्या, वर पांढरा कापूस. हा क्रम टाकीवाल्यांना झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगतील. मुलीची इयत्ता सांगताना मात्र क्षणभर अडखळतील.

एवढा सरंजाम कशासाठी, तर सिक्लिडसाठी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले हे मासे दिसायला देखणे आणि स्वभावाने अस्सल भाऊबंद. एकेका दगडावरून त्यांचे बांधाचे वाद चालतात. चारच मासे ठेवले तर त्यातला दांडगा उरलेल्या तिघांना संपवतो. म्हणून ते मुद्दाम दाटीने ठेवायचे. सकाळी आठच्या डोंबिवली लोकलमध्ये एकाच माणसाशी नीट भांडायला जागा मिळत नाही, तोच न्याय इथे. पण दाटी आली की खाणं वाढलं, खाणं वाढलं की घाण वाढली. साधा फिल्टर तिथे पुरा पडत नाही.

टाकीवाल्यांची टाकी चार फुटांची, सुमारे ३४० लिटरची. फिल्टरच्या खोक्यावर छापलेलं होतं, ताशी १४०० लिटर. टाकीवाल्यांचा छापील मजकुरावर विश्वास नाही. “हा आकडा रिकाम्या डब्याचा असतो,” असं म्हणत त्यांनी बाहेर येणाऱ्या नळीखाली बादली धरली आणि पत्नीच्या हाती मोबाइलचं घड्याळ दिलं. दहा लिटर भरायला चाळीस सेकंद. “म्हणजे ताशी नऊशेच!” फसवले गेल्याचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

फिल्टर जोडण्याचा रविवार तर बघण्यासारखा. स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ गेली दिवाळी ते ही दिवाळी ठिबकतोय, पण त्याचा वॉशर बदलायला ‘माणूस बोलवायला हवा’. इकडे डब्याच्या झाकणाखालची रबरी रिंग मात्र टाकीवाले स्वतः काढतात, मऊ फडक्याने पुसतात, उजेडाकडे धरून तिच्यावर केस चिकटलाय का पाहतात. एक केस राहिला तरी झाकण नीट बसत नाही आणि रात्रभरात फरशीवर तळं होतं. मग बोटाच्या टोकावर मुगाएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन ते रिंगेवर गोल गोल फिरवतात. व्हॅसलिन चालणार नाही, रबर खराब होतं. घरातल्या कुणाच्या टाचांना इतकी माया मिळालेली नाही, हे वहिनींचं म्हणणं, माझं नव्हे.

पुढे डब्यातली हवा काढायची. डबा या कुशीवर, मग त्या कुशीवर कलवायचा. आतून गुडगुड झालं की टाकीवाल्यांचा चेहरा बाळाने ढेकर दिल्यासारखा खुलतो. शेवटी वायरला सॉकेटच्या खाली एक झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगात न शिरता खाली ठिबकतं. हे एक मात्र शोभावाल्यांनीही आजच करावं.

झालं, आता मासे? छे! पुढचे चार-सहा आठवडे टाकीत नुसते दगड.

“मासे कुठायत हो?”

“बॅक्टेरिया आहेत ना.”

चेष्टा वाटते, पण गोष्ट खरी आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू त्या सिरॅमिकच्या कड्यांवर वस्ती करतात. म्हणून कड्या नळाखाली धुवायच्या नाहीत, क्लोरीनने वस्ती उठते. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच खळबळायच्या. एकदा मेव्हण्याने मदतीच्या भावनेने त्या भांड्यांच्या साबणाने लख्ख घासल्या. त्याचं येणंजाणं आता सणावारापुरतंच उरलंय.

वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी फिल्टर, मग पंखा. बंद डब्यातला प्राणवायू संपला की जिवाणू मरतात. माणसाला काय, खिडकी उघडता येते. मलावीच्या माशांना जड, क्षारांचं पाणी मानवतं म्हणून एका टोपलीत कोरलचे तुकडे भरलेले. नळाला मऊ पाणी येतं याचं दुःख करणारा गृहस्थ आमच्या सोसायटीत हा एकच.

यथावकाश मासे आले, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. वहिनींचे वडील इंदापूरचे. त्यांनी चष्मा लावून टाकी बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, “जावईबापू, ही तर आपली चिलापीच रंगवल्यागत दिसतीय. भिगवणला याचा रस्सा काय झकास करतात!” टाकीवाल्यांना राग आला तो रश्श्याचा नव्हे. उजनीतली चिलापी सिक्लिडच्याच कुळातली, हे सासऱ्यांनी पुस्तक न उघडता ओळखलं, याचा.

कितीही हसलो तरी एक मान्य करावं लागतं, टाकीवाल्यांचे मासे मरत नाहीत. सोसायटीत ज्यांनी शनिवारी टाकी आणि शनिवारीच मासे आणले, त्यांच्या टाकीत आज मनीप्लांट आहे. तेव्हा सिक्लिड पाळायचे मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी टाकीवाल्यांना जरूर विचारा. फक्त सकाळी, ते ऑफिसला निघताना विचारा. रविवारी विचारलंत तर जेवण तिथेच होईल.