मुळासकट काका

लातुरात झाडं लावणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यावं लागलं, तेव्हापासून खड्डा दिसला की त्यात रोप लावल्याशिवाय लातूरकराला चैन पडत नाही. झाडं उपटणारा माणूस मात्र शंभरात एखादाच. आणि हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे साडेपाचला तो नेमकं तुमचंच दार वाजवतो.

आमच्या वाट्याला आलेला नमुना एसटीतून निवृत्त झालेला वाहतूक नियंत्रक आहे. नाव आता कुणाच्या लक्षात नाही, सगळे 'मुळासकट काका'च म्हणतात. आयुष्यभर फलाटांची घोषणा करून कमावलेला आवाज त्यांनी निवृत्तीनंतर वाया जाऊ दिला नाही. गायरानावर टेकडीच्या पल्याड तुम्ही कोयत्यानं नुसती फांदी छाटलीत, तरी इकडून घोषणा होते : "वर वर नको! मुळासकट!"

त्यांचं खरं वैर येड्या बाभळीशी. पुस्तकात ती 'वेडी बाभूळ' असते, पण काकांना ते फार सभ्य वाटतं. तिच्याबद्दल ते अजून एसटीच्या हिशेबानंच बोलतात. "मेक्सिकोकडून आली. १८७७च्या सुमारास सरकारनंच आणली, जळण मिळावं म्हणून. फुकट पास दिला की ओ! आता उतरायला तयार नाही, आणि आपल्या बोरी-हिवराला बसायला जागा नाही." घाणेरी ही त्यांच्या लेखी शोभेचं झाड म्हणून इंग्रजांच्या बागेत शिरलेली आणि तिथून पळालेली प्रवासी. काँग्रेस गवत तर सगळ्यांत चालू. पन्नाशीच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि बघता बघता देशभरच्या डेपोंत पोचलं. ओळीनं सगळ्यांचा समाचार घेऊन झाला की काका पाण्याचा घोट घेतात आणि पुन्हा बाभळीवर येतात.

काम करताना मात्र हा माणूस बघत राहावा असा. आमच्यासारखे शिकाऊ बाभूळ जमिनीलगत कापून हात झटकतात. काका तिथं सुरुवात करतात. आधी लांब दांड्याच्या कोयत्यानं फांद्या उतरवायच्या, दुबेळक्यानं ओढून बाजूला लावायच्या. मग बुंध्याभोवती कुदळीनं गोल उकरायचं. वीतभर खाली गेलं की बुंधा आणि मूळ यांच्यामधला जाड, गाठाळ भाग उघडा पडतो. काका गुडघ्यावर बसतात, माती बोटानं झाडतात आणि मास्तरच्या आवाजात सांगतात, "हितं बघा. डोळे हितं असतात. वरून कापलं की हिला कळतं, आता दहा फुटवे काढायचे. घाव ह्याच्या खाली." मग कुऱ्हाडीचे चार घाव घालायचे, खोड उपसायचं आणि उलटं करून उन्हात टाकायचं. एवढ्या वेळात आमच्यापैकी एकाच्या चपलेतून काटा आरपार गेलेला असतो.

हे सगळं हिवाळ्यातच का, याचंही उत्तर तयार असतं. काळ्या रानात अजून ओल आहे, कुदळ लागते. उन्हाळ्यात हीच जमीन पहारेला दाद देत नाही. आणि उन्हाळ्यात शेंगा पिकल्या की गुरं-शेळ्या त्या आवडीनं खातात, बी शेणातून गावभर जातं आणि शेणासोबत त्याला खतही मिळतं. "म्हणजे म्हैस आपली, दूध आपलं अन् पेरणी तिची," असं म्हणून काका आमच्याकडे बघतात. आम्ही हसतो, कारण हसलं नाही तर ते पुन्हा सांगतात.

या माणसाला कुठं बोलवावं हा प्रश्नच आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं लातूर कुलूप लावून रानात जातं. काका आमच्या मामांच्या रानात आले. कोपीत पांडवांची पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील असं पान वाढलं. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांची नजर बांधावर गेली. दुसरा घास काही गेला नाही. मामा आंबिलीचं गाडगं घेऊन आले तर पाहुणा बांधावर, धोतर खोचून.

"का करायलाव, पाव्हणं?"

"बाभळ."

"ती माझी कुपाटी हाय!"

सणाच्या दिवशी शेतमालकाचं कुंपण मुळासकट काढणारा पाहुणा मराठवाड्याच्या इतिहासात पहिलाच असावा. मामांनी आंबील पाजली, पण जपून.

नांदेडला लेकीच्या सासरी गेले तेव्हा व्याह्यांनी हौसेनं गोदावरीच्या घाटावर नेलं. व्याही म्हणाले, "दर्शन घ्या." काकांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "ही जलपर्णी कोण काढतं?" व्याह्यांना वाटलं, हा टोमणा नांदेडला आहे. लेकीनं रात्री फोन करून काकूंना सांगितलं, "पुढच्या वेळी बाबांना घरातच बसवायचं, आणि पडदे लावून."

काकूंचं दुःख वेगळं. जगातलं सगळं उपटणारा हा गृहस्थ घरच्या कपाटातली १९९८ची एसटीची वेळापत्रकं मात्र उपटू देत नाही.

एकदाच मी त्यांना निरुत्तर झालेलं पाहिलं. गायरानावर काम रंगात आलेलं, मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. तिनं उपसलेली खोडं बघितली आणि म्हणाली, "काढ बापा, काढ. मग चूल तुझ्या घरून पेटवू का?" बाभूळ गेली तर रानाला बरं, पण तिच्या घरचं सरपण ह्याच बाभळीचं होतं. काकांनी तोंड उघडलं, आणि एसटीत इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला पहिल्यांदाच घोषणा सुचली नाही. पुढच्या रविवारपासून नियम निघाला : एकही फांदी जाळायची नाही. तोडायची, बांधायची आणि आजीच्या वस्तीवर पोचवायची. मोळ्या वाहायचं काम अर्थातच आमच्याकडे आलं. आजीनं त्यांना एकदा चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला. त्या आनंदात काकांनी तिच्या दारातली घाणेरी काढली. ती तिनं हौसेनं लावलेली होती.

काकांची खरी खंत फोटोची. झाडं लावण्याला सरकारी उद्दिष्टं असतात. २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा, २०१९ला तेहेतीस कोटी. रोपासोबत फोटो येतो, फोटोत पाहुणे येतात, पाहुण्यांसोबत मंडप येतो. उपटण्याला उद्दिष्ट नाही, पाहुणा नाही आणि फोटो तर मुळीच नाही. तरीही दर रविवारी काका ग्रुपवर फोटो टाकतात. फोटोत मोकळी जमीन. लोक विचारतात, "काका, यात काय आहे?" काका लिहितात, "काय नाही ते बघा." त्यावर पाच जण अंगठा दाखवतात आणि एक जण शुभ सकाळचा गुलाब.

पण त्याच मोकळ्या जागेचा फोटो ते पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा काढतात. त्यात मारवेलचा पट्टा असतो, तरवडाची पिवळी फुलं असतात, कुणीही न लावलेलं एखादं बोरीचं रोप असतं. आणि कोपऱ्यात, हमखास, बाभळीची दोन नवी रोपं. बाकी सगळे एका हिवाळ्यानंतर पांगतात. त्या दोन रोपांसाठी परत जाणारा हाच एक. त्रासदायक माणूस आहे, पण रान त्याच्या त्रासावरच टिकलंय.

शेवटी एका मंडळाला उपरती झाली आणि काकांचा सत्कार ठरला. शाल आली, श्रीफळ आलं आणि निसर्गप्रेमी म्हणून हाराऐवजी रोप द्यायचं ठरलं. अध्यक्षांनी रिबीन बांधलेली कुंडी हातात दिली. गुच्छागुच्छानं गुलाबी-पिवळी फुलं, नर्सरीत मुद्दाम तयार केलेली. टाळ्या झाल्या. काकांनी चष्मा वर केला, एक पान चुरगाळून हुंगलं, आणि पुढच्या रांगेतल्या आमच्या पोटात गोळा आला. घाणेरीच होती ती.

काका काही बोलले नाहीत. माइक घेतला, सगळ्यांचे आभार मानले, मंडळाचं कौतुक केलं आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं, "ही नर्सरी कुठंशी आली म्हणायची?"

पुढच्या रविवारी श्रमदान कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही. कुदळी मात्र घरीच ठेवा, असा निरोप काकूंनी सगळ्यांना परस्पर पाठवला होता.