धन्यवाद, आपला संदेश मिळाला आहे

वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मबद्दल माझी तक्रार आहे. फॉर्म भरून 'पाठवा' दाबलं की हिरव्या पट्टीत अक्षरं उमटतात : 'धन्यवाद, आपला संदेश मिळाला आहे.' कोणाला मिळाला? ती पट्टी दाखवणाऱ्या पानाला हे माहीत नसतं. तरीही ते बेधडक सांगतं, आणि माणूस विश्वास ठेवून आपल्या कामाला लागतो.

जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात आमच्या घरची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात, त्यामुळे गिऱ्हाईक संगमनेर, पारनेरकडूनही येतं. टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकल्यापासून रोप लागवडीला यायला साधारण 25 ते 30 दिवस लागतात. म्हणजे शेतकऱ्याने आज कळवलं तर बी आजच टाकायला हवं. निरोप आठवडाभर अडकला की लागवड आठवडाभर मागे पडते, आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आठवड्यात क्रेटचा भाव कुठल्या कुठे जातो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

मागच्या हंगामात पारनेर तालुक्यातला एक शेतकरी पिकअप घेऊन दारात उभा राहिला. वाण, किती रोपं, कोणत्या तारखेला हवीत, सगळं त्याने फॉर्मात नीट लिहिलं होतं. हिरव्या पट्टीचा स्क्रीनशॉटही मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. आमच्याकडे त्याच्या नावाचा एकही ट्रे नव्हता. त्याने रान तयार करून ठेवलं होतं, मल्चिंग अंथरलं होतं, मजूर सांगून ठेवले होते. तो खरं बोलत होता, आम्हीही खरं बोलत होतो. खोटं बोललं होतं ते पान.

असं का होतं, हे मी खोदून खोदून विचारलं. वेबसाइटचं पान स्वतः ईमेल पोहोचवत नाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर बहुतेक ठिकाणी पीएचपीची 'मेल' नावाची आज्ञा वापरलेली असते. ती पत्र त्याच यंत्रावरच्या टपाल-प्रोग्रामच्या हवाली करते आणि 'हो' म्हणते. या 'हो'चा अर्थ फक्त 'पत्र उचललं' एवढाच, ते पोहोचेलच असं नाही, हे पीएचपीच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेलं आहे. पान बनवणारा मात्र त्या 'हो'वरून थेट 'मिळाला आहे' असं छापतो. त्यातून त्या यंत्रावर शेकडो वेबसाइटी एकाच आयपी पत्त्यावर भाडेकरू असतात. त्यातल्या एकीने जाहिरातींचा कचरा पाठवला की तो अख्खा पत्ता काळ्या यादीत जातो आणि आमचं पत्रही त्यात भरडलं जातं.

दुसरा घोळ 'प्रेषक' या रकान्याचा. अनेक फॉर्म तिथे गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता घालतात, म्हणजे उत्तर द्यायला सोपं. पण पत्र त्याच्या नावाने निघतं आणि येतं भलत्याच सर्व्हरवरून. 2014 च्या एप्रिलमध्ये याहूने जाहीर केलं की याहूच्या पत्त्याने आलेलं पण आपली शहानिशा पार न करणारं पत्र सरळ नाकारा. म्हणजे जुना याहूचा पत्ता वापरणाऱ्या माणसाने असा फॉर्म भरला की त्याचं पत्र दारातच अडतं. आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाने एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी व्यवस्था आपल्या डोमेनवर लावलीच पाहिजे. कोणत्या सर्व्हरला आपल्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार आहे, हे पहिलीत जाहीर केलेलं असतं. दुसरीत पत्रावर सही असते. दोन्हींसाठी डोमेनच्या नोंदींत काही ओळी घालाव्या लागतात. कितीतरी छोट्या वेबसाइटींवर त्या ओळी कोणी घातलेल्याच नाहीत.

यावर उपाय म्हणून सांगतात की बाहेरच्या मेल सर्व्हरमार्फत पाठवा. पानाने दूरच्या सर्व्हरला 587 या पोर्टवर गाठायचं, नाव आणि पासवर्ड द्यायचा, पत्र सोपवायचं. रस्ता बरोबर आहे, पण त्यावरही कोणी लक्ष ठेवत नाही. 30 मे 2022 पासून गुगलने नुसत्या पासवर्डवर असा प्रवेश देणं बंद करायला घेतलं, आणि जुन्या सेटिंगवर चाललेले फॉर्म मुके झाले. त्यानंतर 16 अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' वापरणं भाग पडलं. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की तो रद्द होतो. घरातल्या कोणी सुरक्षिततेसाठी, चांगल्या हेतूने, मोबाइलवर पासवर्ड बदलला की त्याच क्षणी वेबसाइटचा फॉर्म बंद पडतो. सर्व्हर पानाला 535 हा आकडा देऊन स्वच्छ सांगतो की ओळख पटली नाही. पान ते ऐकतं, गिळतं आणि हिरवी पट्टी दाखवतं. माझा खरा राग इथे आहे. अडचण येणं मी समजू शकतो, पण समोरच्याने अडचण सांगितल्यावर ती दडपणं मला मान्य नाही.

ईमेलच्या मूळ व्यवस्थेत ही दडपादडपी नाही. पत्र पोहोचवण्याच्या एसएमटीपी या पद्धतीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये लिहून काढले, पुढे त्यांत भर पडत गेली. त्यातली शिस्त अशी की पत्र घेणाऱ्या सर्व्हरने 250, म्हणजे 'मिळालं', म्हटलं की जबाबदारी त्याची : पत्र पुढे पोहोचव, नाहीतर पोहोचलं नाही असं पाठवणाऱ्याला कळव. 'मिळालं' म्हणणाऱ्यावर ओझं टाकणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. वेबसाइटच्या फॉर्मात मात्र तोही वाया जातो. नाकारलेल्या पत्राची सूचना पुष्कळदा होस्टिंगच्या अशा एखाद्या पेटीत जाऊन पडते, जी कधी कोणी उघडतच नाही.

हा तालुका दळणवळणात मागासलेला म्हणून असं होतं, असं कोणी म्हणू नये. जुन्नर तालुक्यातल्याच आर्वीला 1971 मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं; उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणं होऊ लागलं ते तिथून. खोडद आणि आजूबाजूच्या परिसरातल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना अवकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. आणि पारनेरच्या शेतकऱ्याने लिहिलेल्या चार ओळी आळ्याला पोहोचत नाहीत! याचं कारण यंत्रात शोधू नये, निष्काळजीपणात शोधावं.

वेबसाइट बनवणाऱ्यांकडे माझं मागणं मोठं नाही. फॉर्म भरला की मजकूर आधी वेबसाइटच्याच डेटाबेसमध्ये साठवा. ईमेल गेलं नाही तरी ऑर्डर हरवायची नाही. प्रेषक म्हणून आपल्या डोमेनचा पत्ता घाला आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर कोणाला' या रकान्यात ठेवा. सर्व्हरने नकार दिला तर तसं पानावर लिहा आणि खाली दुकानाचा फोन नंबर द्या. पैसे घेऊन वेबसाइट सोपवली की काम संपलं, असं मानू नका. दर महिन्याला एकदा तरी स्वतः फॉर्म भरून बघा.

आणि शेतकरी बांधवांनो, रोपांची मागणी कुठल्याही फॉर्मात भरली असेल, तरी त्याच दिवशी रोपवाटिकेत फोन करून नाव नोंदवलं का ते विचारा. हिरव्या पट्टीच्या भरवशावर रान तयार करू नका.