द्वारकेच्या त्रिदंडी यतिमहाराजांस अनावृत पत्र

परमपूज्य यतिमहाराज,
साष्टांग नमस्कार वि. वि.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात ‘संगीत सौभद्र’ आणलं, तेव्हापासून आम्ही पुणेकर तुमच्या छाटीला वन्स मोअर देत आलो आहोत. भाऊराव कोल्हटकरांपासून किती सुभद्रा तुमची सेवा करून गेल्या! बलरामदादा तुमच्या वैराग्यावर भाळले आणि बहीण सेवेला देऊन मोकळे झाले. जिच्यासमोर तुम्ही डोळे मिटून बसलात ती तुमच्यासाठीच झुरत होती. यती म्हणजे अर्जुन, हे साऱ्या प्रेक्षागृहाला ठाऊक. ठाऊक नाही ते दादांना आणि तिला. काय गोड प्रसंग!

तुमच्या आधी, १८८० साली, अण्णासाहेबांनीच आणलेला दुष्यंतही आश्रमातल्या मुलींपुढे आपण राजा असल्याचं लपवूनच बोलला होता. त्याला सवडीने लिहीन. आज तुमची पाळी, कारण तुमचं नाव आमच्या घरात निघालं.

माझ्या भाचीला एक स्थळ आलं. पत्रिका जुळली, मुलाकडून ‘विचार करून कळवतो’ असा निरोप आला. त्याच सुमारास इन्स्टाग्रामवर तिची एका ट्रेकवाल्याशी ओळख झाली. हा तोच मुलगा, भलत्या नावाने. आधी कुणाशी काही होतं का, सासूशी पटेल का, सगळं त्याने मित्र होऊन काढून घेतलं. मग बैठकीत, पोह्यांची बशी बाजूला सारून, फोन पुढे धरला : “तो मीच!” सगळे खो खो हसले. मुलाची आत्या म्हणाली, “अगदी सौभद्रातला यती हो!”

भाची हसली नाही. तिच्या बाबांच्या छातीत दुखतं आणि ते घरात लपवतात, हे तिने त्या मित्राला लिहिलं होतं. मला, सख्ख्या मावशीला, तेव्हा कळलं. तेही भर बैठकीत.

महाभारतात कृष्णाने निदान आडपडदा ठेवला नाही : स्वयंवरात मुलगी कुणाला माळ घालेल याचा नेम नाही, तेव्हा पळवून ने. अण्णासाहेबांची सुभद्रा तर राजीच होती. मग राजी असलेल्या मुलीला सांगायला काय झालं होतं? त्याच घरात वहिनीने, रुक्मिणीने, ब्राह्मणाहाती निरोप धाडून ‘मला घेऊन जा’ असं कळवलं होतं. बहिणीच्या वेळी मात्र नारद, घटोत्कच, भगवी वस्त्रं असा फौजफाटा! राक्षसाने उचलून रानात नेलं, तेही म्हणे तिच्याच भल्यासाठी.

अरे, धनुर्धर ना तू? ‘मला तुमची बहीण आवडते’ एवढं बलरामासमोर म्हणायला कुठलं अस्त्र लागत होतं?

असो. तुमचीही कीव येते म्हणा. सुभद्रा दुर्योधनाला देणार, हे ऐकून तुम्ही खरेच खचला होतात. सूत्रं हलवत होता तो कृष्ण. तुम्हीही त्याच्या पटावरची सोंगटीच. आमच्याकडच्या यतीचं तसं नाही. त्याची सगळी सूत्रं त्याच्याच हातात होती आणि गाणं तर अजिबात येत नव्हतं.

भाचीने नकार कळवला आहे. “पण तिलाही तो आवडायला लागला होता ना?” असं मुलाकडचे अजून विचारतात. आवडला होता तो ट्रेकवाला. तसा कुणी मुलगाच नाही.

कळावे, लोभ फक्त तुमच्या पदांवर आहे.

आपली,
एक पुणेकर मावशी