वर्तणुकीचा दाखला

कोल्हापुरात छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एक मामा हमखास भेटतात. इथं फुटबॉलचे संघ तालमींचे; तालीम कुठलीही असो, तिला असे एक मामा असतातच. चेंडू कुठं चाललाय याकडं त्यांचं लक्ष बेताचंच. त्यांचं खरं काम खेळाडूंना वर्तणुकीचे दाखले देणं. शेरे दोनच. आपला असेल तर 'पोरगं गुणाचं', त्यांचा असेल तर 'घरातनंच वळण न्हाई'.

आपल्या बॅकनं समोरच्याची नडगी सोलली की मामा म्हणतात, "आरं, पेठेतलं पोरगं हाय, अंगात रग असणारच की!" पाचच मिनिटांत आपला फॉरवर्ड तसाच आडवा झाला, की मामा उठून उभे राहतात आणि समोरच्या तालमीच्या दांडगाईचा इतिहास थेट आजोबांच्या पिढीपासून काढतात. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, कुणाची कसली ख्याती ते त्यांनी एकदाच ठरवून टाकलंय. मैदानावरचे अकराच्या अकरा बदलले तरी ती बदलत नाही.

बदलतो तो खेळाडू. हंगामाआधी के.एस.ए.कडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदणी सुरू झाली की तालमींची अदलाबदल होते. गेल्या वर्षी ज्याला मामांनी 'चेंडू सोडून माणूस खेळणारा' म्हटलेलं, तोच आपली जर्सी घालून उतरतो. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मामा शांतपणे सांगतात, "मूळचं चांगलंच ओ. तिथं संगत वाईट हुती." आणि आपल्याकडून तिकडं गेलेला? "त्याची लक्षणं मला आधीच दिसलेली."

वर्ल्ड कपला मामांचा अंमल दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचतो. गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. मामा अर्जेंटिनाचे. 1986 साली मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, हे त्यांना मान्य आहे. "पण इंग्रजांनी आपल्याला लुटलं, ते काय पायानं व्हय?" यावर उत्तर नसतं. 2018 मध्ये रशियात लोळणारा नेमार मात्र नाटक्या. "नाटकच करायचं तर केशवराव भोसले नाट्यगृहात कर की!" शेजारचे ब्राझीलवाले मग 2022 ची फायनल काढतात. गोलकीपर मार्टिनेझनं बक्षीस हातात घेऊन जे हावभाव केले, ते घरी बायकापोरांसमोर बघण्यासारखे होते का? मामा म्हणतात, "जिंकल्यावर जरा हुतंय तसं. तुम्हाला कुठनं ठावं असणार?" आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर 2014 ची सेमीफायनल. जर्मनी सात, ब्राझील एक. संस्काराच्या वादात गोलांचा काय संबंध, असं विचारायची सोय नाही.

एकाच माणसावर दोन्ही गटांचं एकमत आहे: उरुग्वेचा सुआरेझ. 2014 मध्ये त्यानं इटलीच्या किएलिनीला चावा घेतला, हे वाईटच, असं सगळेच म्हणतात. कसलाही आडपडदा नाही, बचाव नाही, शुद्ध न्याय. गल्लीत उरुग्वेचा झेंडा कुणी लावत नाही, एवढंच त्याचं कारण.

तेव्हा शाहू स्टेडियमवर गेलात आणि ती पेनल्टी होती की नव्हती, असा प्रश्न पडला, तर मामांना जरूर विचारा. फक्त ते कुठल्या तालमीच्या पोरांत बसलेत, ते आधी बघून घ्या.