समासात शेवट लिहून ठेवणाऱ्या महाशयांस

महाशय,

वाचनालयातली ‘द लाईज ऑफ लॉक लमोरा’ माझ्याआधी तुम्ही नेली होती. तुमचं नाव मला ठाऊक नाही, अक्षर मात्र आता कुठेही ओळखेन. निळ्या बॉलपेनने, बाण काढून, समासात तुम्ही लिहिलंत: ‘हा मरतो. पुढे बघा.’ कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून खाली दोन रेघाही ओढल्यात.

स्कॉट लिंचची ही कादंबरी 2006 सालची, पाचशेच्या वर पानांची. कामोर हे तिच्यातलं कालव्यांचं शहर व्हेनिसची आठवण करून देतं. माणसं यायच्या आधीच कुणीतरी उभारून गेलेले काचेचे मनोरे त्याच्यावर चमकतात. तिथे लॉक आणि त्याचे सोबती ब्रँडीच्या व्यापाराचं गाजर दाखवून डॉन साल्व्हारा या उमरावाला गंडवायला निघतात. सुरुवातीलाच देवळाजवळच्या बोळात एकाचा गळा आवळला जातो, उमराव त्याला सोडवायला धावतो आणि तिथेच जाळ्यात सापडतो. पुढचं मी लिहिणार नाही. तुम्हीही लिहायला नको होतं.

भामट्यांची गोष्ट वाचताना वाचकही सावजच असतो, आणि आपल्या खुशीने असतो. डाव ऐन रंगात आला की लिंच तो तसाच सोडून लॉकच्या लहानपणात शिरतो. तिथे आंधळ्या पुजाऱ्याचं सोंग घेतलेले फादर चेन्स पोरांना भाषा, वेषांतर आणि खानदानी पंगतीतले रीतिरिवाज शिकवत असतात. तिथे पेरलेलं पुढे उगवतं. तोवर जीव टांगणीला लागणं, ऐनवेळी साफ फसणं, यासाठीच तर एवढं जाडजूड पुस्तक हातात घ्यायचं! ते फसणं तुम्ही चार शब्दांत हिरावून घेतलंत.

आपण फार हुशार, असं तुम्हाला वाटलं असेल. हुशारी लेखकाची होती. तुमचा नंबर फक्त आधी लागला. लॉक निदान गडगंज उमरावांना लुटतो. तुम्ही लुटलंत ते वर्गणी भरून, नंबर लावून, रात्री जागून वाचणाऱ्याला.

आता एवढं करा. बॉलपेन खोडरबराने जात नाही, तेव्हा पुस्तक पुन्हा मागवून त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवा. मालिकेचे पुढचे दोन भाग, 2007 आणि 2013 सालचे, मी आधीच माझ्या नावावर लावून ठेवले आहेत. ते तुमच्या हाती येतील तेव्हा समास कोरे असतील. तसेच पुढच्याला द्या.

तुमच्यानंतर नंबर लागलेला
एक वाचक