टकुऱ्यावरची बॅटरी

अमावस्येच्या रात्री सायकल घेऊन सासवडच्या माळावर जायचंय म्हटलं की घरचे कारण विचारतात. आम्ही ‘शास्त्रीय कारण आहे’ असं सांगितलं, तेव्हा ते जास्तच घाबरले.

पण कारण खरंच शास्त्रीय होतं. हेल्मेटवर लावायच्या दिव्याच्या खोक्यावर ‘झोत २०० मीटर’ असं काहीतरी छापलेलं असतं. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या एफएल-१ नावाच्या मानकात या झोताची व्याख्या आहे. उजेड पाव लक्सवर आला की तिथे झोत संपला. आणि पाव लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेचं चांदणं! म्हणजे दोनशे मीटरवर कंपनी आपल्याला जे विकते, ते चंद्र महिन्यातून एकदा फुकट वाटतो. तेव्हा दिव्यांची परीक्षा घ्यायची तर परीक्षागृहात चंद्र नको. म्हणून देवदिवाळीच्या आदली रात्र ठरली. काकूंनी आमच्यासोबत येणाऱ्या काकांच्या हँडलला लिंबू-मिरच्या बांधून दिल्या. आमच्या सगळ्या सामानात चार्ज न करता पहाटेपर्यंत टिकलेली ती एकच वस्तू.

मुळात डोक्यावर दिवा लागतोच कशाला? डांबरी रस्त्यावर लागत नाहीच. हँडलवरचा पुरतो. पण डोंगरातल्या वाटेला वळणं असतात आणि हँडलवरचा दिवा चाक बघेल तिकडेच बघतो. वाट डावीकडे खाली वळलेली असते आणि दिवा समोरची दरी मन लावून दाखवत असतो. दरी सुंदर असेल, पण आपल्याला तिकडे जायचं नसतं. डोक्यावरचा दिवा मान वळेल तिकडे वळतो, आणि वळणावर मान चाकाच्या आधी वळते. त्याच्या बाजूने एवढाच मुद्दा आहे. पण हाडं शाबूत राहण्याच्या दृष्टीने तो पुरेसा आहे.

आम्ही चौघं होतो, आणि चौघांनी दिवे आपापल्या स्वभावानुसार निवडले होते.

माझ्या भाच्याने आकडा बघून घेतला होता. १,८०० रुपयांत १२,००० लुमेन, वर एक चाकू फुकट. आता एलईडी एका वॅटमागे साधारण शंभर-सव्वाशे लुमेन देतो. म्हणजे १२,००० लुमेनला शंभरेक वॅट हवेत. तेवढा दिवा डोक्यावर खरंच पेटला असता, तर वाटेत त्यावर थालीपीठ लावता आलं असतं. सोबतच्या प्रत्येक सेलवर ९,९०० एमएएच असं छापलेलं होतं. हा १८६५० जातीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तेवढ्या नळकांड्यात जगातले नामांकित कारखानेही साडेतीन हजारांच्या आसपासच थांबतात. उरलेले सहा हजार छापखान्यात भरतात. तरी भाच्याचा दिवा आमच्यात सर्वांत प्रखर होता हे मान्य करायला हवं. चार सेलचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये आणि तिथून वायर डोक्यापर्यंत, अशी त्याची रचना होती. दर थांब्यावर तो आधी सॅक उतरवायचा आणि मग सॅकच्या मागोमाग त्याची मान खाली जायची. अनोळखी माणसाला वाटलं असतं, मुलगा फार नम्र आहे.

काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दिवा विकत घेतलाच नव्हता. घरातला टॉर्च त्यांनी जुन्या ट्यूबच्या कापलेल्या रबरांनी हेल्मेटच्या भोकांतून आवळून बांधला होता. “आमच्या वेळी सहा व्होल्ट, तीन वॅटचा डायनॅमो होता. टायरला घासायचा, चढावर दम काढायचा आणि थांबलं की अंधार. म्हणून आम्ही थांबत नसू,” असं ते सांगत, आणि सांगण्यासाठी थांबत. टॉर्च वजनदार, त्यात सगळं वजन पुढे. दर खाचखळग्याला हेल्मेट भुवयांवर उतरायचं आणि झोत पुढच्या चाकावर पडायचा. पुढचं चाक रात्रभर अत्यंत स्पष्ट दिसलं, असं काकांनीच नंतर सांगितलं.

मी एका मित्राचा दिवा मागून आणला होता, त्यामुळे त्याच्या दोषांकडे मला निर्मळ मनाने बघता येत होतं. खोक्यावर ‘सहा तास’ असं होतं. त्याच मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘चालू’ या सदरात मोजतात. म्हणजे ५०० लुमेनचे ५० झाले तरी दिवा कामावर हजर. काकांच्या मते त्यांच्या शाखेत निम्मे लोक याच व्याख्येने नोकरीत होते.

आणि चौथ्या होत्या डॉक्टरीणबाई. या दातांच्या डॉक्टर. त्यांच्या हेल्मेटवर करंगळीएवढा, शंभर ग्रॅमच्या आतला दिवा एका पट्ट्याने बसवलेला होता. भाच्याने तो बघून सहानुभूती दाखवली. बाई म्हणाल्या, “मी रोज कपाळावर दिवा लावून लोकांच्या तोंडात बघते. विकत घेताना फक्त वजन विचारते. उजेड पेशंटसाठी असतो, मान माझी असते.”

सासवडहून कऱ्हेच्या काठाने निघालो आणि पहिल्या दहा मिनिटांतच डोक्यावरच्या दिव्याचा सामाजिक परिणाम कळला. ज्याच्याकडे बघावं तो आंधळा होतो. “काका, बरे आहात ना?” असं कोणी आपुलकीने विचारलं की काका किंचाळत. मग आम्ही एकमेकांकडून माना फिरवून बोलू लागलो. चार माणसं, चार दिशांना तोंडं आणि गप्पा खेळीमेळीच्या. लांबून बघणाऱ्याला जमिनीच्या वाटणीचा वाद वाटला असता.

कोडीतच्या बाजूने जाताना काकांनी बजावलं, इथे कोणी विनोद करायचा नाही. कोडीत हे आचार्य अत्र्यांचं जन्मगाव. उगाच तुलना होते.

पुढे चढ लागला. चढावर सायकल चालण्याच्या वेगाने जाते, वारा लागत नाही आणि दिवे तापतात. बरे दिवे तापले की स्वतःच मंद होतात, म्हणून चढावर मुद्दामच मंद ठेवायचे आणि ताकद उतारासाठी राखायची. भाचा राखणाऱ्यांतला नव्हता. त्याचं म्हणणं, पैसे पूर्ण उजेडाचे दिलेत. माथ्यावर पोचेपर्यंत त्याच्या दिव्याला हात लावता येत नव्हता आणि सर्वांत जास्त उजेड डॉक्टरीणबाईंचा पडत होता.

उताराआधी बाईंनी एक प्रयोग सुचवला. सगळ्यांनी हँडलवरचे दिवे बंद करायचे, फक्त डोक्यावरचे ठेवायचे. केलं. आणि समोरची दगडधोंड्यांची गाडीवाट एकदम गुळगुळीत झाली. चर नाही, खड्डा नाही, एक दगड वर आलेला नाही. “आमच्या धंद्यात हेच हवं असतं,” बाई म्हणाल्या. “दिवा डोळ्यांच्या रेषेत असला की सावली वस्तूच्या मागे लपते. दाढेच्या पोकळीत सावली नको, म्हणून आम्ही तो कपाळावर लावतो. पण वाटेवरचा खड्डा कळतो तो सावलीनेच. ती हँडलवरचा दिवा पाडतो, कारण तो डोळ्यांच्या खाली असतो. म्हणून मोठा दिवा हँडलवर आणि छोटा—”

वाक्य संपेपर्यंत काका त्या गुळगुळीत वाटेवरून निश्चिंत मनाने एका चरीत उतरले होते. लागलं काही नाही. हेल्मेट नाकापर्यंत आलं होतं, आणि लिंबू जागेवर होतं.

हँडलवरचे दिवे पुन्हा लावले आणि मग मात्र उताराने मजा आणली. खालचा दिवा रुंद, जवळचा, सावल्या दाखवणारा. डोक्यावरचा अरुंद, पुढच्या वळणात डोकावणारा. ताशी २५ किलोमीटरने सेकंदाला सात मीटर मागे पडतात. तीन सेकंद पुढचं दिसलं तरी वीसेक मीटर झाले. दोनशे मीटर लागतात कोणाला? ट्रकवाल्याला.

त्याच उतारावर एक बाभळीची फांदी आडवी आली. माझा दिवा स्क्रूने घट्ट बसवलेला. फांदीने दिवा धरला, दिव्याने हेल्मेट, हेल्मेटने हनुवटी, आणि सायकल तेवढी पुढे गेली. काकांचं रबर मात्र सुटलं, टॉर्च गवतात पडला आणि काका सरळ निघून गेले. डोक्यावरचं काहीही धक्क्याला निसटून पडेल असंच बांधावं, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. काकांनी ते मुद्दामच तसं बांधलं होतं, हे फक्त काकांनी मान्य केलं.

पहाटे चारच्या सुमाराला ओढ्याकाठी धुकं लागलं. धुक्यात डोक्यावरचा दिवा लावला की डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांत येतो. इथे १२,००० लुमेनवाल्याला सर्वांत जाड भिंत मिळाली. आम्ही डोक्यावरचे दिवे विझवले, हँडलवरचे खाली झुकवले आणि ओढा पार केला. भाचा बराच वेळ अलीकडेच होता. तो बटण शोधत होता.

या बटणाबद्दल थोडं सांगायला हवं. खोक्यावर सगळं छापतात, पण बटण कसं आहे ते कोणी छापत नाही. बटण एकच, आणि ते आपल्याच टाळूवर, म्हणजे जगातल्या एकमेव जागी जिथे आपल्याला बघता येत नाही. हातात मोजे. एकदा दाबलं की प्रखर, मग मध्यम, मग मंद, मग लुकलुक, आणि बंद करायचं तर दाबून धरायचं. अंगठ्याएवढं, उठून दिसणारं, मोज्यातून कळणारं बटण नसेल, तर दिवा दुकानातच ठेवावा. बाईंनी तो घेतानाही डोळे मिटून, मोजे घालून चाचपला होता म्हणे. दुकानदाराला वाटलं, अंध व्यक्तीला हेडलाइट कशाला?

धुक्याबाहेर आलो आणि गवतात हिरवे ठिपके चमकू लागले. शेकड्यांनी. दवाचे थेंब असावेत म्हणून वाकून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्याला आठ पाय. कोळी! यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो आणि तो उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. ज्याचा दिवा डोळ्यांजवळ आहे त्यालाच तो दिसतो. म्हणजे वर्षानुवर्षं आपण या माळावरून जातो आणि एवढी मंडळी आपल्याकडे बघत असतात, हे ज्ञान डोक्यावर दिवा बांधल्याशिवाय होत नाही. झालं नसतं तरी चाललं असतं, असं काका म्हणाले.

मग गुडघ्याच्या उंचीवर दोन डोळे चमकले. मोठे.

“बिबट्या,” भाचा कुजबुजला.

त्याच्या शेजारी आणखी दोन. मग सहा. मग मान वळेल तिकडे डोळेच डोळे. बाई शांतपणे म्हणाल्या, “एवढे बिबटे असे चिकटून बसत नाहीत.” मेंढरं होती. जाळीच्या कुंपणात दाटीने बसलेली. कोकणाकडे निघालेला धनगरांचा वाडा कोणाच्या तरी शेतात उतरला होता. मेंढरं बुजू नयेत म्हणून भाच्याने घाईने दिवा बंद करायला बटण दाबलं. मध्यम झाला. पुन्हा दाबलं. मंद झाला. पुन्हा दाबलं, आणि लुकलुक सुरू झाली. पूर्ण ताकदीने. शेकडो मेंढरं तडकन उभी राहिली, कुत्री धावली, एक घोडा खिंकाळला, आणि काळोखातून आवाज आला, “कोन हाय त्ये? ती टकुऱ्यावरची बॅटरी इझवा आधी!”

भाच्याने सॅक काढली. मान खाली गेली. शेवटी बाईंनी पुढे होऊन वायरच उपटली.

आवाजाचे मालक, एक धनगर मामा, घोंगडं पांघरून आले. बाई दातांच्या डॉक्टर आहेत कळल्यावर त्यांनी तिथल्या तिथे एक दाढ दाखवली. बाईंनी आपला छोटा दिवा त्यांच्या तोंडात टाकला, क्षणभर बघितलं आणि दाढ काढावी लागेल असं सांगितलं. उजेड पुरला. मग चहा झाला आणि मामांचं लक्ष भाच्याच्या दिव्यावर गेलं. तेवढ्या प्रखर उजेडाचं त्यांना खरोखर काम होतं. रात्री वाड्याभोवती जनावर फिरतं. भाच्याच्या चेहऱ्यावर रात्रीतलं पहिलं समाधान दिसलं.

“केवढ्याला पडली ही?”

“अठराशे. पण मामा, तुम्हाला बाराशेला देतो.”

मामांनी ती हातात घेऊन वजन केलं, डबा बघितला, वायर ओढून बघितली.

“एका चार्जिंगवर किती राती चालती?”

“फुल्लवर… तासभर.”

मामांनी दिवा परत त्याच्या हातात ठेवला. “मग बिबट्याला सांगावा धाडा की, तेवढ्या तासातच ये म्हनावं.”

काकांनी मामांना रबर दाखवायला सुरुवात केली होती.